दोन दोऱ्यांचा पतंग धड उडत नाही? कणीला हात लावण्याआधी या चुका टाळा

स्पोर्ट काइट, म्हणजे दोन दोऱ्यांनी वळवायचा पतंग, नवा असतो तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेकांचा निकाल लागलेला असतो: पतंगच खराब निघाला. तो चार हात वर येतो, एका बाजूला कलंडतो आणि जमिनीत नाक खुपसतो. पुन्हा उभा केला की पुन्हा तेच. मग कुणीतरी कणीशी (ब्रायडल, म्हणजे पतंगाला बांधलेल्या ज्या छोट्या दोऱ्यांना उडवायची दोरी अडकते त्या) खेळायला लागतं आणि जे थोडंफार जमत होतं तेही बिघडतं. खरं तर कणी कारखान्यात बसवून आलेली असते आणि ती बहुधा बरोबरच असते. दोष शोधायचा तर आधी वारा बघा, मग जागा, दोऱ्या, जोडणी, स्वतःचे हात, आणि कणी सगळ्यात शेवटी. नवखे लोक नेमके उलट्या टोकाने सुरू करतात.

ज्यांनी एका दोरीचा पतंग उडवला आहे त्यांची आणखी पंचाईत होते. तिथे ढील द्यायची, खेचायचं, हळूहळू उंची घ्यायची. इथे दोरीची लांबी ठरलेली, साधारण २० ते ३० मीटर, त्यामुळे ढिलीचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बर यांनी अमेरिकी नौदलाच्या तोफचींना सरावासाठी जो लक्ष्य-पतंग करून दिला होता, त्याला खाली छोटं सुकाणू होतं आणि दोन दोऱ्या ते सुकाणू फिरवत. आजच्या त्रिकोणी डेल्टा पतंगाला सुकाणू नाही. डावी दोरी उजवीपेक्षा जराशी मागे आली की पूर्ण पतंगच डावीकडे वळतो. ही गोष्ट नीट डोक्यात बसली की पुढच्या बऱ्याच चुकांचा उलगडा आपोआप होतो.

वारा आणि जागा

शिकायला ताशी १० ते २० किलोमीटरचा वारा चांगला. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर तेवढा वारा आहे असं समजा. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले तर तो २० च्या पुढे गेला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे "जोराचा वारा म्हणजे सोपं उड्डाण" हा हिशेब चुकीचा आहे. जोराच्या वाऱ्यात पतंग इतका वेगात फिरतो की विचार करायला वेळच मिळत नाही, आणि आपटला तर सांगाड्याचा रॉड मोडतो. कमी वाऱ्यात निदान मोडतोड तरी होत नाही.

पण वेगापेक्षा जास्त त्रास देतो तो खवळलेला वारा. घरं, झाडं, उंच कुंपण यांच्या पलीकडून येणारा वारा गिरक्या घेत येतो. अडथळ्याच्या उंचीच्या निदान सात ते दहापट अंतर सोडावं लागतं, म्हणजे १० मीटर उंच झाडांची रांग असेल तर सत्तर ते शंभर मीटर. गालावर वारा चांगला लागतोय, तरी पतंग मधेच मेल्यासारखा पडतो आणि लगेच झटका देऊन उठतो, असं होत असेल तर पतंगाकडे बघू नका, पाठीमागे काय आहे ते बघा. समुद्रकिनाऱ्यावर पाण्याकडून येणारा वारा एकसारखा असतो. तोच जमिनीकडून येऊ लागला की त्याच किनाऱ्यावर हैराण व्हायला होतं.

आणखी एक साधी चूक आहे. पाठ वाऱ्याकडे ठेवून उभं राहिलात तर समोर पाव गोलाएवढी जागा पतंगाला खेळायला मिळते. मध्यभागी ओढ सगळ्यात जास्त, कडांना आणि डोक्यावर ती मावळते. वारा थोडा फिरला आणि तुम्ही मात्र होता तसेच उभे राहिलात, तर पतंग सुरुवातीलाच कडेला जातो आणि लोळतो. लोक दोऱ्या तपासत बसतात. त्याऐवजी चिमूटभर कोरडी वाळू किंवा गवत सोडून बघा आणि त्याप्रमाणे स्वतः सरका.

दोऱ्या: एका बाजूला ओढ असेल तर इथे थांबा

दोन्ही हात सारखे धरूनही पतंग सतत एकाच बाजूला वळत असेल तर पहिला संशय दोऱ्यांच्या लांबीवर घ्यायचा. दोन-तीन सेंटीमीटरचा फरकही पुरतो. दोन्ही दोऱ्यांची पतंगाकडची टोकं जमिनीत रोवलेल्या एकाच खुंटीत अडकवा, पूर्ण लांबी चालत जा, दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाचे, हातात धरायचे दोन्ही पट्टे एकाच हातात शेजारी शेजारी धरून ताणा. एक पट्टा मागे राहिलेला लगेच दिसेल. फरक पट्ट्याच्या टोकाला असलेल्या छोट्या दोरीवरच्या गाठींनी काढता येतो. पुढच्या गाठीवर फास सरकवला की झालं. नव्या दोऱ्या पहिल्या काही उड्डाणांत थोड्या ताणतात आणि गाठी आवळतात, म्हणून पाकिटावर "समान लांबी" लिहिलं असलं तरी पहिल्या दिवसानंतर एकदा पुन्हा मोजा.

दोष दोरीचा की पतंगाचा हे ठरवायची एक खात्रीची युक्ती आहे. दोन्ही दोऱ्या पट्ट्यांसकट अदलाबदल करा: डावीकडची पूर्ण दोरी उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. ओढ आता दुसऱ्या बाजूला गेली तर दोष दोरीचा. ती होती तिथेच राहिली तर पतंगाची जोडणी बघायची. या पाच मिनिटांच्या कामाने दिवसभराची चिडचिड वाचते, तरी फार कमी लोक ते करतात.

दोरी हरवली किंवा तुटली म्हणून मासेमारीची नायलॉनची तंगूस लावू नका. नायलॉन ताणतं, त्यामुळे हात हलवला की पतंग उशिरा ऐकतो, आणि तोवर तुम्ही आणखी जोरात ओढलेलं असतं. स्पोर्ट काइटला डायनिमा किंवा स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याची विणलेली दोरी लागते. ती ताणत जवळजवळ नाही आणि गुळगुळीत असते. या दोरीला सरळ गाठ मारली की तिची ताकद बरीच घटते, म्हणून टोकाला कापडी नळीसारखं आवरण चढवून गाठ त्या आवरणासकट मारतात. काच लावलेल्या मांजाचं तर इथे नावही नको.

पतंगाने एक गोल घेतला की दोऱ्यांना एक पीळ पडतो. नवखा माणूस तेवढ्याने घाबरतो आणि पट्टे हातातल्या हातात फिरवून पीळ सोडवू बघतो. मग डावा कुठला आणि उजवा कुठला हेच कळेनासं होतं. दोरी निसरडी असल्यामुळे चार-पाच पिळांतही पतंग नीट ऐकतो. सावकाश उलट्या दिशेने तेवढेच गोल घ्या, पीळ सुटतो. एका पट्ट्यावर रंगीत खूण मात्र जरूर करा.

जोडणी

इथे फार काही बोलण्यासारखं नाही, पण वगळण्यासारखंही नाही. खालचे आडवे रॉड मधल्या रबरी जोडात पूर्ण आत गेलेत का, पुढच्या कडेचे रॉड टोकापर्यंत बसलेत का, स्टँडऑफ (आडव्या रॉडपासून कापड ताणून धरणाऱ्या छोट्या काड्या) वाकडे तर नाहीत, आणि कणीची एखादी दोरी पंखाच्या टोकाला किंवा स्टँडऑफला अडकलेली नाही ना, हे बघा. सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे अर्धवट निसटलेला आडवा रॉड: लांबून पतंग धडधाकट दिसतो, पण वर गेला की एक पंख आत दुमडतो. प्रत्येक आपटीनंतर चालत जाऊन बघायचं, तिथून तसाच परत उचलायचा नाही. तडा गेलेला कार्बन रॉड उघड्या बोटाने चाचपू नका. त्याचे तंतू कातडीत शिरतात आणि काढताना जीव जातो.

हात

वारा ठीक आहे, दोऱ्या समान आहेत, जोडणी पक्की आहे, तरी पतंग पडतो? मग कारण हातात आहे, आणि बहुधा ते जास्त हलतात.

सुरुवात उचलण्यापासून करू. पतंग दोन्ही पंखांच्या टोकांवर उभा, किंचित मागे, म्हणजे तुमच्यापासून दूर कललेला. दोऱ्या ताठ. आता एक पाऊल मागे आणि त्याच क्षणी दोन्ही हात कमरेकडे खाली, एका दमात. पतंग सुटला की हात पुन्हा पोटासमोर यायला हवेत. ही शेवटची गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. हात मागेच राहतात, मग वळवायला ओढायला जागाच उरत नाही, आणि हात डोक्याच्या वर जातात. मदतीला कुणी असेल तर त्याने पतंग नुसता धरायचा. वर फेकायचा नाही. फेकलेला पतंग दोऱ्या सैल करतो, आणि सैल दोरीवर कसलाच ताबा नसतो.

वळवताना गाडीच्या स्टिअरिंगसारखे हात वर-खाली फिरवणं हा दुसरा हमखास घोटाळा आहे. एक हात सरळ मागे, दुसरा होता तिथेच किंवा थोडा पुढे, बस. किती मागे? मध्यम वाऱ्यात वीतभर पुष्कळ झालं. पतंगाचं नाक हव्या त्या दिशेला आलं की हात लगेच बरोबरीला आणा. तो "आणखी थोडा वळेल" म्हणून ओढून धरलात तर तो गोल घेतच राहतो.

आता उलटा पतंग. नाक खाली असताना डावा हात ओढला की पतंग तुमच्या उजवीकडे जातो आणि डोकं चक्रावून जातं. खरं तर डाव्या हाताने काही वेगळं केलेलं नसतं. डावा ओढला की पतंग नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने फिरतो, उजवा ओढला की काट्यांच्या दिशेने; तो वर असो, खाली असो, आडवा असो. डावं-उजवं सोडून एवढं एकच लक्षात ठेवा. गोल सुरू केला असेल तर त्याच हाताने तो पूर्ण करा. मधेच हात बदलणं म्हणजे पतंगाला खात्रीने जमिनीचा रस्ता दाखवणं.

आणि तो जमिनीकडे निघालाच तर? माणूस घाबरून दोन्ही हात जोरात मागे ओढतो. त्याने पतंगाचा वेग वाढतो आणि तो भाल्यासारखा रुततो. करायचं ते मनाला न पटणारं आहे: दोन्ही हात पुढे झोकून द्या आणि पतंगाच्या दिशेने दोन-तीन पावलं धावा. दोऱ्या सैल पडतात, पतंगातला जोर निघून जातो, आणि तो आपटण्याऐवजी फडफडत पडतो. रॉड वाचवणारी इतकी स्वस्त दुसरी गोष्ट नाही. पतंग वर सुरक्षित उंचीवर असताना हीच हालचाल मुद्दाम करून बघा, म्हणजे वेळ येईल तेव्हा हात आपोआप पुढे जातील.

पायही वापरायचे असतात. वारा मंदावला की मागे चालत जा, झोत आला की पुढे या. एकाच जागी खांबासारखे उभे राहणारे लोक विनाकारण पतंग पाडून घेतात. म्हणून पाठीमागेही वीस-पंचवीस पावलं मोकळी जागा ठेवावी.

अ‍ॅक्सलसारख्या करामतींची चलचित्रं बघून पहिल्याच दिवशी त्यांच्या मागे लागू नका. आधी सरळ आडवी रेघ. मग चौकोन, ज्याचे कोपरे कोपऱ्यांसारखे दिसतात. मग कडेला नेऊन हळूच उतरवणं. चौकोन नीट जमला नाही तर करामत जमली तरी ती योगायोगाने जमते.

सुरक्षितता

ताठ दोरी सुरीसारखी कापते, आणि खाली झेपावणारा पतंग सहज ताशी पन्नास किलोमीटरच्या वर जातो. दोरीच्या लांबीएवढ्या अर्धवर्तुळात, वर आणखी थोडी जागा धरून, कुणीही माणूस किंवा जनावर नको. कुणी आत शिरलं तर ओरडत बसू नका, पतंग कडेला नेऊन उतरवा. विजेच्या तारा, विमानतळाचा परिसर आणि गडगडणारं आभाळ, तिन्ही ठिकाणी पतंग पिशवीतच बरा. कार्बन रॉडमधून वीज वाहते आणि ओल्या दोरीतूनही वाहू शकते. दुसऱ्याच्या एका दोरीच्या पतंगापासून लांब राहा. तुमची चालती दोरी त्याच्या स्थिर दोरीवर घासली तर एकाच जागी तापते आणि दोरी वितळून तुटते.

खरेदी आणि आवरणं

"शिकायचं आहे, मग लहान घेऊ" हा विचार पतंगाच्या बाबतीत उलटा पडतो. लहान पतंग जास्त वेगात आणि जास्त झटक्याने वळतो. पंखांचा पल्ला दीड ते दोन मीटर असलेला डेल्टा घ्या, शक्य असेल तर फायबरग्लासच्या रॉडचा. तो जड असतो पण मार खातो. दोऱ्याही फार आखूड नकोत. २५ मीटरवर सावरायला जो क्षणभराचा वेळ मिळतो तो १५ मीटरवर मिळत नाही.

आवरताना दोन्ही दोऱ्या एकत्र, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या गुंडाळा. गोल गुंडाळल्या तर पुढच्या वेळी आपोआप पीळ येतात. पतंग ओला असेल तर घरी उघडून वाळवा, वाळू झटका, खाऱ्या हवेत उडवला असेल तर साध्या पाण्याने धुवा. उड्डाण थांबवून पाणी प्यायला जाताना पतंग टोकांवर उभा सोडू नका: एक आडवा रॉड काढून पतंग आडवा ठेवा आणि पट्टे खुंटीला अडकवा.

आणि मग कणी

वरचं सगळं तपासून झालं, वाराही चांगला आहे, तरी पतंग वर चढायला कंटाळतो आणि पाठीवर पडतो? आता कणीला हात लावा. दोरी जिथे अडकते ती जागा दोन्ही बाजूंना तीन ते पाच मिलिमीटर नाकाच्या दिशेने सरकवा. पतंग वर चढेल, पण वळणं मोठी होतील. उलट तो कडेपलीकडे जाऊन सैल पडत असेल किंवा वळणं हवी तेवढी घट्ट येत नसतील, तर तेवढंच खाली. दोन्ही बाजूंना अगदी सारखं, पट्टीने मोजून. नाहीतर समान केलेल्या दोऱ्यांचा काही उपयोग राहत नाही. आणि सरकवण्याआधी मूळ जागेवर पेनाने बारीक खूण करून ठेवा, कारण तीनपैकी दोन वेळा तुम्हाला तिथेच परत यायचं असतं.