पाड्यावर बांधकाम काढताय? या चुका टाळा

सातपुड्यातल्या धडगाव, मेळघाटातल्या धारणी किंवा गडचिरोलीतल्या भामरागडच्या आडगावात अंगणवाडी बांधताना 'स्थानिकांना रोजगार दिला' असं कागदावर लिहिणं सोपं असतं. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नावं गावचीच असतात. पण थापी धरणारा गवंडी बाहेरचा आणि घमेली वाहणारे गावचे. गवंडी गाव सोडतो, आणि पुढच्या पावसाळ्यात स्लॅब गळला की दुरुस्तीला पुन्हा तालुक्याहून माणूस आणावा लागतो.

माणसं मिळत नाहीत?

आधी कॅलेंडर बघा. सातपुड्यातली कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि मुकादमाची (मजूर नेणाऱ्या दलालाची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्यांनी त्याआधीच घेतलेली असते. डिसेंबरात काम घेऊन गेलात तर पाड्यावर म्हातारी माणसं आणि पोरंच भेटणार. बोलणी पावसाळ्यातच करा. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून होळी उरकेपर्यंत कामाची आशा धरू नका. गडचिरोलीत मार्च-एप्रिलला मोहफुलं वेचणं, त्यामागून तेंदूपानं तोडणं. तेंदूच्या दिवसांत हातात रोख पडते, तेव्हा तुमच्या हजेरीसाठी कुणी थांबणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तिथे धान कापून झाल्यापासून होळीपर्यंतचा काळ तुमचा.

साहित्याचंही तसंच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, म्हणून वाळू, खडी, सळई उन्हाळ्यातच पोचवून ठेवा. सिमेंट मात्र नको. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने उतरते, पावसाळी हवेत त्याहून लवकर. ते दिवाळीनंतर लागेल तसं मागवा. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, एकावर एक दहापेक्षा जास्त नाहीत.

आलेली माणसं टिकत नाहीत?

बहुधा पैसे रखडलेले असतात. मुकादम रोख उचल देतो आणि तुमची मजुरी महिन्याने बँकेत जमा होणार, मग माणूस कुणाकडे जाईल? आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी हिशेब चुकता करा आणि बाजाराच्या दिवशी सुट्टी द्या.

शिकवलं, पण कुणी गवंडी झालं नाही?

खरी गोम इथे आहे. गवंड्याला कामाच्या मापावर पैसे मिळतात. शिकवायला थांबला की त्याचंच नुकसान, मग तो कशाला शिकवेल? त्याला शिकवण्याच्या काळापुरता रोज ठरवा आणि तयार झालेल्या प्रत्येक शिकाऊमागे वेगळी रक्कम द्या. एका गवंड्याकडे दोघांपेक्षा जास्त शिकाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट सहसा नजरेतून सुटते. भिंतीचे कोपरे गवंडी स्वतः चढवतो, दोरी ताणतो आणि मधला भाग शिकाऊला भरायला देतो. लांबून वाटतं, पोरगं बांधायला लागलं. पण ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचं दोरीचं वजन) आणि गुण्या (काटकोन तपासायचं साधन) हातात घेऊन एकट्याने कोपरा उभा केल्याशिवाय तो गवंडी नव्हे. परीक्षा कोपऱ्याचीच घ्या. ओळंब्यात नसेल तर त्याच दिवशी, मसाला ओला असतानाच, त्याच्याच हातून उतरवा.

फळ्यावरचे वर्ग कमी करा. घरात कोरकू, पावरी किंवा माडिया बोलणाऱ्यांना मराठीतली तांत्रिक व्याख्यानं ऐकवून काय साधणार? प्रधानमंत्री आवास योजनेतलं ४५ दिवसांचं गवंडी प्रशिक्षण खरं घर बांधतच दिलं जातं, ते उगाच नाही.

आणि बायकांना घमेल्यापाशीच अडकवू नका. झारखंडात शौचालयं बांधणाऱ्या बायकांना 'राणी मिस्त्री' म्हणतात. आपल्याकडे अजून 'त्यांना नाही जमत' हेच ऐकू येतं, आणि तेही थापी हातात न देताच.

काँक्रीट कच्चं निघतंय?

वाळू घमेल्याने मोजणं बंद करा. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे माप भरलेलं दिसलं तरी वाळू कमीच पडते. एका गोणीच्या मापाचा ३५ लिटरचा फर्मा (मापाची पेटी) करून घ्या आणि ओल्या वाळूसाठी वाढ धरा. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या गोणीमागे ३० लिटरपर्यंत पाणी पुरे. माल ओतायला सोपा जावा म्हणून वरून पाण्याची बादली रिकामी करण्याची खोड पहिल्याच दिवशी मोडा.

क्युरिंग, म्हणजे बांधकामाला पाणी मारून ओलं ठेवणं, बुडतं ते आळसाने नव्हे. फेब्रुवारीत विहीर आटायला लागते आणि पाणी डोक्यावरून आणावं लागतं, तेव्हा आधी भिंतीचं पाणी तुटतं. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटला किमान १० दिवस ओल हवी, कोरड्या उन्हात १४. पाणी वाहण्याची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी धरा आणि गोणपाट अंथरा.

कागद

जागा वनजमिनीवर असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली शाळा, दवाखाना, अंगणवाडीसारख्या कामांना एक हेक्टरपेक्षा कमी जागा मिळू शकते, पण ग्रामसभेची शिफारस लागते. खड्डे खोदल्यावर ग्रामसभा बोलावू नका.

बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराकडून काम चालू असतानाच सही करून घ्या. शेवटचं बिल निघालं की त्याचा फोन लागत नाही.