कोकण किनाऱ्यावर आरसीसी घर बांधताना: लोखंडावरचे 45 मिलिमीटर

3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगडात कौलं-पत्रे उडवले, तेव्हापासून किनाऱ्यालगत स्लॅबच्या घराकडे ओढा वाढला आहे. वाऱ्याला स्लॅब चांगला टिकतो, पण खारी हवा त्याला आतून पोखरते. मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. भेगा पडल्या की पुढच्या पावसाला वाट मोकळीच. म्हणून आधी कव्हरचा, म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटच्या थराचा, विचार करा.

आयएस 456 नुसार, म्हणजे काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकानुसार, किनारी हवेत उघड्या काँक्रीटला किमान एम30 ग्रेड (ताकदीची प्रत; आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत), पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त 0.45, घनमीटरला किमान 320 किलो सिमेंट आणि 45 मिमी कव्हर लागतं. लाटांचे तुषार भिंतीवर येत असतील तर एम35 आणि 50 मिमी. काँक्रीट एम35 किंवा त्याहून वरच्या ग्रेडचं असेल तर 5 मिमीची सूट आहे. त्यामुळे एम30 च्या साध्या घरात स्लॅबला आणि बीम-कॉलमला 45 आणि फुटिंगला (पायाला) 50 मिमीचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून दूर धरणारे ठोकळे, ठेवा. बीम-कॉलमचं कव्हर मुख्य सळयांभोवतीच्या रिंगेच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं, मुख्य सळईपासून नव्हे. इथे सर्रास चूक होते.

दुसरी चूक याहून घातक आहे. 125 मिमी स्लॅबमध्ये कव्हर 20 वरून 45 केलं की लोखंड 25 मिमी वर सरकतं आणि 10 मिमी सळईला उपयोगी खोली (स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागापासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर) 100 वरून 75 मिमीवर येते. त्यामुळे इंजिनिअरकडून डिझाइन पुन्हा करून घ्या. जाडी बहुधा 150 मिमीपर्यंत न्यावी लागते.

कव्हर ब्लॉक त्याच ग्रेडच्या काँक्रीटचे हवेत. खडी किंवा फरशीचा तुकडा सळईखाली सरकवला की तो निसटतो, आणि नेमकं तिथेच लोखंड उघडं पडतं. बाइंडिंग वायरची टोकं आत वळवा. छज्जा आणि बाल्कनीचं लोखंड वरच्या बाजूला असतं. माणसं त्यावर चालली की ते दबतं, म्हणून खाली सळईचे घोडे (वाकवलेल्या सळईचे आधार) ठेवा.

पाण्याचा हिशेब असा: 50 किलोच्या गोणीला 22.5 लिटर. वाळूतला ओलावाही यातच धरायचा. गोणीला 75 किलो वाळू पडत असेल आणि ओल 5 टक्के असेल, तर पावणेचार लिटर पाणी आधीच आलेलं असतं. वरून सुमारे 19 लिटरच घाला. माल घट्ट वाटला तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा, बादली ओतू नका. खाडीची वाळू टाळा. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, म्हणून पाणी तपासून घ्या: क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत हवं.

सिमेंट शक्यतो स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) घ्या, ते मिठाला अधिक अडवतं. मात्र त्याला 14 दिवस पाणी लागतं. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. पावसाआधी स्लॅब उरकायची घाई मेच्या उन्हात होते. तेव्हा खडी सावलीत ठेवून भिजवा आणि पहाटे ओता. ओतताना काँक्रीटचं तापमान 40 अंशांवर जाता कामा नये.

गच्चीला 100 ला 1 उतार द्या. ताशी 100 मिमी पावसात 80 चौरस मीटर गच्चीवर तासाला 8000 लिटर पाणी पडतं. 100 मिमी व्यासाचा एक पाइप सुमारे 40 चौरस मीटरला पुरतो, म्हणजे हिशेबाने दोन. तीन बसवा, कारण एक आंब्याच्या पानांनी तुंबणारच. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच ठेवा, म्हणजे पाणी आत न ओघळता तिथेच गळून पडतं.

पुढे मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया उघड्या सोडू नका. त्यांचा गंज खाली कॉलमात उतरतो. सिमेंटची खीर लावून कमी ताकदीच्या काँक्रीटने त्या झाका. मजला चढवताना ते फोडता येतं. गच्चीवर पत्र्याची शेड येणार असेल, तर तिचे बोल्ट स्लॅब ओततानाच बीममध्ये बसवा.