व्हर्मीवॉशमुळे हायड्रोपोनिक पालकाची मुळे बुळबुळीत होत असल्यास

चेंबूरच्या गच्चीवर पाइपमध्ये हायड्रोपोनिक पद्धतीने, म्हणजे मातीविना पोषक पाण्यावर, लावलेल्या पालकाला व्हर्मीवॉश (गांडूळ खतातून झिरपवलेले पाणी) देऊ लागताच पोषक पाण्याच्या टाकीला कुजका वास आला, पांढरी मुळे तपकिरी व बुळबुळीत झाली आणि कोवळी पाने, शिरा हिरव्या राहून, पिवळी पडली. व्हर्मीवॉशचे प्रमाण घटवले, हायड्रोजन पेरॉक्साइडही घातले, तरी वास परतत राहिला. उभे पीक डोळ्यांदेखत सडताना पाहणे जिवाला लागले.

मूळ कारण पाण्यातील प्राणवायूची कमतरता हे होते: व्हर्मीवॉशमधील सेंद्रिय कण टाकीत कुजताना तो ओढून घेतात, आणि मुंबईच्या उकाड्यात कोमट झालेल्या पाण्यात तो आधीच कमी विरघळलेला असतो.

प्रथम टाकी व पाइप रिकामे करून घासून धुतले. व्हर्मीवॉश दुहेरी मलमलीतून गाळून, वेगळ्या बादलीत माशांच्या टाकीच्या एअर पंपाने त्यात 24 तास हवा सोडली आणि खाली बसलेला गाळ टाकून वरचे पाणी पुन्हा गाळले. टाकीत आधी नेहमीचे खनिज पोषणद्रव्य मिसळले, नंतर 10 लिटरला 100 मिली व्हर्मीवॉश, आणि सर्वांत शेवटी फॉस्फरिक आम्लाने पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा अंक) 6 वर आणला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण व्हर्मीवॉश पीएच वर नेऊ शकते आणि चढ्या पीएचला लोह मुळांना मिळत नाही, म्हणून कोवळी पाने तशी पिवळी पडतात. टाकीत एअर स्टोन (एअर पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा सच्छिद्र दगड) मात्र अखंड चालू ठेवावा लागतो. त्यानंतरची मुळे पांढरी फुटली व नवी पाने हिरवी आली.