जुने सामाजिक सर्वेक्षण कसे वाचावे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे एखादे सामाजिक सर्वेक्षण हाती आले, तर टक्केवारीच्या कोष्टकांकडे लगेच वळू नये. माहिती कशी गोळा केली हे सांगणारे प्रकरण आधी वाचावे आणि प्रत्येक आकड्यापाशी, हे कोणी सांगितले, याची नोंद समासात करावी.

जर्मनीत 1891-92 मध्ये शेतमजुरांच्या स्थितीची पाहणी झाली, तेव्हा प्रश्नावल्या जमीनमालकांकडे गेल्या होत्या. एल्ब नदीच्या पूर्वेकडील भागाचे विश्लेषण करणाऱ्या मॅक्स वेबर यांनी नंतरच्या पाहणीत धर्मोपदेशकांना प्रश्न विचारले (मजुरांकडे मात्र याही वेळी थेट प्रश्नावल्या गेल्या नाहीत). लंडनमध्ये 1886 पासून चार्ल्स बूथ यांची भिस्त होती ती शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांची नोंद ठेवण्यासाठी घरोघरी फिरणाऱ्या अधिकाऱ्यांवर. त्यामुळे अशी मुले नसलेल्या कुटुंबांची स्थिती बरीचशी अनुमानानेच ठरली. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डु बॉइस यांनी 1896-97 मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातील 9,675 कृष्णवर्णीय रहिवाशांची पाहणी स्वतः घरोघरी जाऊन केली, म्हणून तिचे वजन माझ्या मते अधिक आहे. अर्थात समोरासमोरच्या मुलाखतीतही माणसे काही गोष्टी झाकून ठेवतात, हे विसरू नये.

त्यानंतर दारिद्र्याची रेषा कशी आखली ते तपासावे, कारण सर्वाधिक गफलत येथेच होते. सीबोम राउंट्री यांनी 1899 मध्ये इंग्लंडमधील यॉर्क शहरात केलेल्या पाहणीचा, गरिबांचे प्रमाण सांगणारा 27.84 टक्के हा आकडा नेहमी उद्धृत होतो, पण तो दोन वेगळ्या रीतींनी काढलेल्या आकड्यांची बेरीज आहे: 9.91 टक्के लोकांची कौटुंबिक मिळकत जगण्याच्या किमान खर्चालाही पुरत नव्हती, तर उरलेले 17.93 टक्के गरीब ठरले ते मुख्यतः घरात दिसणाऱ्या हलाखीच्या खुणांवरून. म्हणून बूथ यांनी लंडनमधील गरिबांसाठी काढलेल्या 30.7 टक्क्यांशी या बेरजेची तुलना करताना सावध राहावे, जरी खुद्द राउंट्री यांनी ती केली होती.

पाहणी सर्व घरांची होती की नमुन्याची, हे एका वाक्यात टिपले तरी पुरते. आर्थर बाउली यांनी 1912 मध्ये रेडिंग येथे कामगारांच्या साधारण 20 घरांमागे एक घर निवडले होते. अशा ठिकाणी चुकीची संभाव्य मर्यादा दिली आहे का आणि बंद आढळलेल्या घरांचे काय केले, एवढे शोधावे.