वार अडकली तर हात घालायचा का? पुरावा बघून ठरवा

विटा-खानापूर भागात गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशीही वार (वासराभोवतीची जार) लोंबत राहिली, की फोन येतो, “डॉक्टर, लवकर या, हात घालून काढून द्या.” मी जाते, पण वार ओढून काढत नाही. असा निर्णय संशोधन बघून कसा घ्यायचा, ते नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांसाठी लिहितेय.

आधी प्रश्न नीट मांडा. जनावर कोणतं, उपचार कोणता, कशाच्या तुलनेत आणि फायदा नेमका कोणता? सगळं या शेवटच्यावर अडतं. ‘वार निघाली का’ एवढंच बघितलं तर हाताने काढणं नेहमीच सरस ठरणार. मालकाला मात्र गाय वैरण खाते का, दुधाला टिकते का, वेळेत माजावर येऊन गाभण राहते का, याची काळजी असते. हे मोजलेले अभ्यास शोधा. त्यांत हाताने काढल्याचा फायदा दिसत नाही, उलट गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला इजा होते. तशीच ठेवली तर वार साधारण आठवड्याभरात सुटून पडते.

शोधायला पबमेड ही वैद्यकीय संशोधनाची वेबसाइट फुकट आहे, मोबाइलवरही चालतं. पद्धतशीर आढावा, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा लेख, सापडला तर तो आधी वाचा, नाहीतर चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या चाचण्या. गायी किती होत्या, पैसा कुणी दिला, तेही बघा. कंपनीच्या पत्रकातला आलेख धरून गर्भाशयात प्रतिजैविकाच्या गोळ्या ठेवू नका. ताप आलेल्याच गायींना प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं तरी निकाल तेवढेच चांगले आल्याचं चाचण्यांत दिसलंय.

पण त्या बहुतेक गायी परदेशातल्या मोठ्या कळपांतल्या होल्स्टीन, जिथे ताप नेमाने मोजला जातो. आपल्याकडे दावणीला दोन संकरित गायी आणि एखादी पंढरपुरी म्हैस. म्हशीला हेच लावताना मी जास्त जपून असते. ताप मोजायची सोय आपणच करायची. मी थर्मामीटर घरातल्या बाईंच्या हातात देते आणि गुदद्वारात कसा धरायचा ते दाखवते. “काकी, दहा दिवस सकाळ-संध्याकाळ बघा. वार कुजूनच सुटते, तेव्हा नुसत्या वासाला घाबरू नका. १०३ च्या वर गेला किंवा वैरण सोडली, तर रात्रीसुद्धा फोन करा.”

ज्या घरी हे कुणी करणार नाही, तिथे मी स्वतः एक दिवसाआड चक्कर मारते. व्यायल्याची तारीख, ताप, पहिला माज आणि गाभण तपासणी वहीत लिहिते. म्हशींचं पान वेगळं ठेवते.