बैठकीनंतरच्या मध्यरात्रीच्या भुकेची तजवीज

रस्सा मंडळाची, म्हणजे मटण-रश्श्यासाठी जमलेल्या मित्रांची, दारूची बैठक शेतातल्या घरी असो, मित्राच्या गच्चीवर असो किंवा ३१ डिसेंबरच्या निमित्ताने एखाद्या हॉटेलात असो, रात्रीचा एक वाजत आला की कोल्हापुरात कोणीतरी हमखास म्हणतो, "काहीतरी खायला पाहिजे राव." मग एक तर गाड्या हातगाड्यांच्या शोधात निघतात, नाहीतर कोणाच्या तरी स्वयंपाकघरातला दिवा लागतो आणि फ्रीजमधला गार रस्सा पातेल्यासकट बाहेर येतो. ही भूक टाळता येत नाही आणि ती टाळण्याचे कारणही नाही. मात्र तिची तजवीज संध्याकाळी, पहिला ग्लास भरण्याआधी झालेली असावी. कारण त्या वेळी माणसाला काय खावे हे ठरवता येत नाही, समोर जे असेल ते खाता येते, एवढेच.

ही भूक कोठून येते ते आधी पाहू. एक ग्रॅम अल्कोहोलमधून सुमारे सात कॅलरी मिळतात. आपल्याकडच्या साधारण ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, सुमारे साठ ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे क्वार्टर संपवणाऱ्याच्या पोटात चारशेहून अधिक कॅलरी गेलेल्या असतात. तरीही त्याला भूक लागते, याचे कारण असे की यकृत अल्कोहोलचा निचरा करण्यात गुंतलेले असताना रक्तासाठी नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते आणि ज्याने नीट जेवण केलेले नाही त्याची रक्तशर्करा खाली येऊ शकते. शिवाय अल्कोहोलमुळे लघवी जास्त होते, अंगातले पाणी कमी होते आणि तहानेलाही माणूस भूक समजून बसतो. मेंदूतल्या भुकेच्या पेशींचाही यात हात असावा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात अल्कोहोल दिलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या याच पेशी चेतवल्या गेल्या आणि ते उंदीर नेहमीपेक्षा जास्त खाऊ लागले. त्यात "आता पुरे" म्हणणारा मनातला लगाम सैल झालेला असतो, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडची रीत अशी की आधी बैठक आणि मग अकरा वाजता जेवण. ही रीत उलटी करणे हाच या सगळ्यातला सर्वांत उपयोगी बदल आहे. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात उतरते आणि पोटात अन्न असेल तर ते आतड्यात हळूहळू पोहोचते. त्यामुळे आठ वाजता दोन ज्वारीच्या भाकरी, एखादी उसळ किंवा दोन अंडी आणि थोडे दही खाऊन बसलेल्या माणसाला चढतेही हळू आणि मध्यरात्री त्याची भूकही आटोक्यात राहते. यजमानाला "आत्ताच जेवण काढू नको" असे सांगणारे पाहुणे नेहमी भेटतात. त्यांच्यापुढे निदान उकडलेली अंडी, काकडी आणि भाजलेले चणे ठेवावेत. खारे शेंगदाणे, मसाला पापड आणि जयसिंगपुरी भडंग हा आपला लाडका चखणा. पण त्यातले मीठ तहान वाढवते आणि ती तहान ग्लासानेच भागवली जाते. म्हणून भडंगाची परात समोर असेल तर पाण्याचा तांब्याही तिच्याशेजारीच हवा आणि प्रत्येक पेगमागे एक पेला पाणी पोटात जावे.

आता मध्यरात्रीसाठी काय राखून ठेवावे ते सांगतो. ज्या घरात मटण शिजते तेथे हे उत्तर आयतेच असते. तांबडा आणि पांढरा हे दोन्ही रस्से हळद, मीठ, आले-लसूण घालून शिजवलेल्या मटणाच्या ज्या पाण्यावर उभे राहतात, ते अळणी पाणी चटणी आणि वाटण पडण्याआधीच माणशी दोन पळ्या बाजूला काढावे. लहान मुलांना वाटीत घालून जे देतात तेच हे पाणी. ते स्टीलच्या डब्यात भरून डबा थंड पाण्याच्या परातीत पंधरा-वीस मिनिटे ठेवावा आणि मग फ्रीजमध्ये सरकवावा. रात्री डबा उघडला की वर चरबीचा पांढरट पापुद्रा धरलेला दिसतो. तो चमच्याच्या कडेने एका बाजूने उचलला की अख्खाच्या अख्खा निघून येतो आणि खाली थलथलीत, फिकट पिवळे पाणी उरते. ते खळखळून उकळावे, त्यात मूठभर मऊ भात कुस्करावा आणि वर मिरपूड टाकायची असेल तर चिमूटभरच टाकावी. पाणी, मीठ, थोडी प्रथिने आणि भाताची साखर या चारही गोष्टी एका वाटीत मिळतात आणि पोटाला कसलीही झोंबाझोंबी होत नाही.

मटण नसेल किंवा खायचे नसेल तर आंबील करावी. आदल्या रात्री किंवा निदान सकाळी दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून झाकून ठेवावे. संध्याकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने सतत ढवळावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटे शिजू द्यावे. कच्च्या पिठाचा वास गेला आणि रंग गडद होऊन तकाकी आली की आंबील शिजली. निवल्यावर त्यात दोन वाट्या ताक, मीठ, जिरेपूड आणि लसणाची एक ठेचलेली पाकळी घालून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावी. रात्री ती गरमही करावी लागत नाही, आणि हाच तिचा मोठा गुण. कारण प्यायलेल्या माणसाने गॅस पेटवू नये. भजी तळायला कढई चढवून दिवाणावर "जरा पाठ टेकतो" म्हणणाऱ्याची कढई कोण पाहणार? अळणी पाणी उकळायचेच असेल तर ते न प्यायलेल्या माणसाच्या हातून उकळून घ्यावे. असा माणूस घरात जागा नसेल तर आंबील किंवा दहीभातावर भागवावे. घरातल्या झोपलेल्या बाईमाणसाला अंडी फोडायला उठवू नये, हे तर सांगावे लागू नये, पण सांगतो.

तांबडा रस्सा मध्यरात्री का नको, हा प्रश्न कोल्हापुरात विचारला जाणारच. अल्कोहोलमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते आणि जठराचे अस्तर आधीच चुरचुरत असते. अशा वेळी कांदा-लसूण चटणीचा तवंग असलेला रस्सा ओरपून माणूस लगेच आडवा झाला की आंबट-तिखट पाणी घशाशी येते आणि पहाटे चार वाजता छातीवर हात ठेवून बसण्याची वेळ येते. पांढरा रस्सा तिखटाने सौम्य वाटतो म्हणून लोक तो वाट्यावर वाट्या पितात. पण नारळाचे दूध, खसखस, तीळ आणि काजू यांच्यामुळे तो स्निग्ध आणि जड असतो व पोटात बराच वेळ राहतो. अर्धी वाटी घ्यायला हरकत नाही. मिसळीच्या कटाला तांबड्याचाच नियम लागू.

उरलेल्या अन्नाबाबत एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळावी. नऊ वाजता शिजलेला भात आणि रस्सा ओट्यावर उघडा राहिला तर एक वाजेपर्यंत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, त्यात जंतू वाढायला पुरेसा वेळ मिळालेला असतो. भातातले काही जंतू असे विष तयार करतात जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. सकाळच्या उलटीचा दोष मग दारूवर जातो आणि भात सुटून जातो. म्हणून शिजवल्यापासून दोन तासांच्या आत सगळे लहान डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवण्याचे काम ज्याने कमी घेतली आहे त्याच्याकडे द्यावे.

खाण्याची वेळ आली की आधी मोठा पेलाभर पाणी प्यावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. निम्म्या वेळा भूक तेवढ्यानेच मवाळ होते. नंतरही ती राहिली तर ताटलीत वाढून घेऊन, बसून खावे. फ्रीजच्या दारात उभे राहून थेट डब्यातून खाणाऱ्याला आपण किती खाल्ले हे कळत नाही आणि पोट भरल्याची जाणीव तर या अवस्थेत उशिराच पोहोचते. एक वाटी मऊ भात आणि एक वाटी अळणी पाणी, किंवा पेलाभर आंबील आणि एक केळे, एवढे पुरते. त्यानंतर निदान तासभर गप्पा मारत बसावे, जमल्यास दोन तास. झोपताना उशी उंच घ्यावी आणि डाव्या कुशीवर वळावे. आम्ल वर येण्याचे प्रमाण त्याने कमी होते.

बाहेरच जायचे ठरले तर गाडीची किल्ली खिशात न घेता जावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि बुर्जीची प्लेट त्या मानाने फारच महाग पडते. खाण्याच्या गाड्यांचा रंकाळा किंवा खासबाग जवळ असेल तर चालत जावे, नसेल तर रिक्षा करावी. गाड्यावर जे आपल्यासमोर तव्यावरून उतरते तेच घ्यावे: तेल आणि मिरची कमी सांगून ऑम्लेट-पाव, अंडाबुर्जी किंवा लोण्याचा गोळा न टाकलेला डोसा. संध्याकाळपासून चिरून ठेवलेला कांदा, पातेल्यात गार पडलेली चटणी आणि ढिगातून उपसलेला फ्राइड राइस सोडून द्यावा. गंगावेशीतले समोर पिळून मिळणारे धारोष्ण दूध हा कोल्हापूरचा अभिमान खरा. पण कच्चे, म्हशीचे, भरपूर साय धरणारे दूध दारूवर पिण्याची हौस करू नये. दूध उकळूनच प्यावे, आणि तेही दुसऱ्या दिवशी.

एक गैरसमज येथे दूर करणे भाग आहे. बैठकीनंतर भरपूर खाल्ल्याने, लिंबू चोखल्याने, काळी कॉफी प्यायल्याने किंवा डोक्यावर गार पाणी ओतल्याने रक्तात उतरलेले अल्कोहोल कमी होत नाही. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल असते आणि यकृत साधारणपणे तासाला तेवढेच, बऱ्याचदा त्याहून कमी, हातावेगळे करते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत तर सुमारे चाळीस ग्रॅम असते. "मी नुसती बियर घेतली" म्हणणाऱ्याने एका बाटलीत चार लहान पेग घेतलेले असतात. म्हणजे नऊ ते अकरा या वेळात क्वार्टर संपवलेल्या माणसाच्या रक्तात रात्री दोन वाजता, त्याने काहीही खाल्ले तरी, अल्कोहोल असतेच, आणि पहाटे गाडी काढतानाही ते असू शकते.

मधुमेह्यांनी मात्र मध्यरात्रीचे खाणे चुकवू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची रक्तशर्करा दारूनंतर कित्येक तासांनी, अगदी पहाटेही, घसरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे नशेसारखीच दिसत असल्याने सोबतचे "चढलीय त्याला" म्हणून पांघरूण घालून मोकळे होतात. अशा मित्राने झोपण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी, भात किंवा भाकरी खाऊनच झोपावे आणि एकट्याने झोपू नये. तो शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल तर गुळाचे किंवा साखरेचे पाणी द्यावे. कोणीही हाका मारून उठत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा झोपेतच उलटी करत असेल, तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे, १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नये.

सकाळी डोके ठणकत असताना उताऱ्याचा पेग घेण्याची सूचना कोणीतरी करतोच. त्याने त्रास फक्त दुपारवर ढकलला जातो. पॅरासिटामॉल यकृतावर आणि आयबुप्रोफेन जठरावर भार टाकते, त्यामुळे दारू अंगात असताना दोन्ही गोळ्या मनाने घेऊ नयेत. आधी मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी घोट घोट प्यावे आणि तासाभराने तांदळाची पेज किंवा उपमा खावा. मिसळीला जायचेच असेल तर दहाच्या पुढे जावे, कट वेगळा मागवून बेतानेच घालावा, आणि सोबत दही सांगायला विसरू नये.