ग्राफ पेपरवर त्रिकोणाचं डायलेशन कसं करायचं

डायलेशन म्हणजे एका ठरलेल्या बिंदूपासून (त्यालाच केंद्र म्हणतात) त्रिकोण मोठा किंवा लहान करणं. कोन तेच राहतात, आकार तोच राहतो, फक्त बाजूंची मापं एकाच पटीत बदलतात. बहुतेक पोट्ट्यांना "निर्देशकांना गुणा" एवढंच पाठ असतं, आणि मग केंद्र आरंभबिंदूवरून, म्हणजे (०, ०) वरून, जरा हललं की सगळं गणित कोलमडतं. म्हणून आधी केंद्र समजून घ्या, गुणाकार तर कोणीही करतं.

नागपुरात राहणाऱ्याला हे समजायला आपली मेट्रो आहेच. ऑरेंज लाइन खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे दक्षिण-उत्तर जाते, ॲक्वा लाइन लोकमान्य नगरहून प्रजापती नगरकडे पश्चिम-पूर्व, आणि दोन्ही बर्डीच्या इंटरचेंजला एकमेकींना छेदतात. अगदी सरळ रेषा नाहीत त्या, पण कल्पनेला पुरे. बर्डी म्हणजे आपलं केंद्र, (०, ०). आता स्केल फॅक्टर २ आहे म्हणजे काय, तर त्रिकोणाचा प्रत्येक कोपरा बर्डीपासून जितका लांब आहे त्याच्या दुप्पट लांब न्यायचा, पण दिशा तीच ठेवून, आणि बर्डी स्वतः जागची हलत नाही.

आता ग्राफ पेपर घ्या न, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही. ए (१, २), बी (४, २), सी (१, -२) हे बिंदू मांडा आणि जोडा. एबी ३, एसी ४ आणि बीसी ५, काटकोन त्रिकोण आहे, मुद्दाम घेतलाय कारण तपासणं सोपं जातं.

केंद्र आरंभबिंदू आणि स्केल फॅक्टर २ असेल तर एक्स आणि वाय दोन्हींना २ ने गुणायचं. ए-डॅश (२, ४), बी-डॅश (८, ४), सी-डॅश (२, -४). सीचं वजा चिन्ह सोडू नका, घाईत तेच सुटतं. नव्या बाजू येतात ६, ८, १०. फॅक्टर अर्धा असता तर (०.५, १), (२, १), (०.५, -१) आले असते, म्हणजे त्रिकोण आकसून केंद्राकडे सरकला असता. फॅक्टर ऋण असेल, समजा -२, तर बिंदू केंद्राच्या पलीकडच्या बाजूला जातात आणि त्रिकोण उलटा दिसतो.

इथे एक चूक खूप दिसते, गुणायच्या जागी २ मिळवतात. मग त्रिकोण नुसता सरकतो, मोठा होतच नाही. आणि फक्त एक्सला गुणलं तर तो आडवा ताणला जातो, कोन बिघडतात, ते डायलेशन नाहीच.

आता खरी गोष्ट, केंद्र दुसरीकडे असेल तेव्हा. समजा केंद्र पी (१, १) आहे आणि फॅक्टर २ च आहे. तीन कामं करायची: बिंदूमधून केंद्र वजा करा, जे उरलं त्याला गुणा, मग केंद्र परत मिळवा. बीसाठी (४-१, २-१) म्हणजे (३, १), गुणल्यावर (६, २), केंद्र मिळवलं की (७, ३). तसंच ए जातो (१, ३) वर आणि सी (१, -५) वर. मोजून बघा, बाजू पुन्हा ६, ८, १०. मला या गणितातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं, केंद्र बदललं तरी त्रिकोण मापाने तोच येतो, फक्त जागा बदलते, इथे आधीच्यापेक्षा एक घर डावीकडे आणि एक घर खाली. आणखी एक बघा, ए आणि सी दोघंही पीच्याच उभ्या रेषेत होते, म्हणून ते त्या रेषेवरच सरकले, बाजूला गेलेच नाहीत.

क्षेत्रफळाच्या बाबतीत घाई नको. बाजू दुप्पट झाल्या म्हणून क्षेत्रफळ दुप्पट होत नाही, ते फॅक्टरच्या वर्गाने वाढतं. पहिल्या त्रिकोणाचं ६ चौरस एकक होतं, नव्याचं २४. दहावीच्या समरूपतेच्या धड्यात क्षेत्रफळांच्या गुणोत्तराचं जे प्रमेय आहे ते हेच. आणि रचनेत एक शिरोबिंदू सामाईक ठेवून समरूप त्रिकोण काढतात ना, तेही डायलेशनच आहे, केंद्र म्हणजे तो सामाईक शिरोबिंदू, त्यामुळे स्टेट बोर्डाच्या पोरांनी याला घाबरायचं काहीच कारण नाही.

उत्तर बरोबर आलं का हे बघायला पट्टी घ्या आणि एला ए-डॅशशी, बीला बी-डॅशशी, सीला सी-डॅशशी जोडून रेषा मागे वाढवा. तिन्ही केंद्रातच मिळायला हव्यात, आणि नवी प्रत्येक बाजू जुन्या बाजूला समांतर दिसायला हवी. प्रश्नात दोन्ही त्रिकोण देऊन केंद्र विचारलं असेल तरी हीच पट्टी कामाला येते, आणि फॅक्टर हवा असेल तर नव्या बाजूला जुन्या बाजूने भागा, त्रिकोण केंद्राच्या पलीकडे उलटा पडला असेल तर पुढे वजा लावा.